बंदरानजीक एका रात्रीचा मुक्काम

प्रवासांत माणसाची खरी परीक्षा मुक्कामाच्या दारांत होते. वाट चुकली तर विचारतां येते, गाडी चुकली तर मागाहून दुसरी मिळते. परंतु दिवस मावळतीला आला असतां आज रात्रीं पाठ कोठें टेकावयाची, हें ज्यास ठाऊक नसतें त्याची विद्या आणि वय हीं दोन्ही त्या घटकेपुरतीं निरुपयोगी ठरतात. हें वाक्य आम्हीं कोणत्याही सुभाषितसंग्रहांतून उचललेलें नाहीं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर एका बंद फाटकापुढें उभे राहून तें आम्ही शिकलों आहों. आणि तो धडा आमच्या वाचकांस फुकट मिळावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे-मुली हल्लीं नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतात. उन्हाळ्यांत वडील मंडळी तिकडे जातात, आणि गेल्यावर "इतक्या जवळ आलांच आहां, तर फ्रान्सही पाहून घ्या" असा मुलांचा आग्रह सुरू होतो. आमचेंही तसेंच झालें. आम्ही उभयतां, आमची वडील बहीण आक्का, चिरंजीव, सूनबाई, एक नात आणि एक नातू असें सात माणसांचें बिऱ्हाड. सात माणसें हॉटेलांत उतरावयाचीं म्हणजे निदान तीन खोल्या आल्या, आणि स्वयंपाकाची सोय नाहीं ती नाहींच. म्हणून चिरंजीवांनीं सुचविलें कीं, दोन तंबू घ्यावे, शेगडी घ्यावी आणि कॅम्पसाइटवर उतरावें. कल्पना आम्हांस पसंत पडली. इतकेंच नव्हे तर, जागा निवडण्याचें आणि ती आधीं राखून ठेवण्याचें काम आम्हीं मोठ्या हौसेनें आपल्याकडे घेतलें. जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या माणसास संगणकावर एक जागा राखतां येऊं नये काय, असा थोडा अभिमानही त्यांत होता, हें येथें कबूल करणें बरें.

इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील समुद्र डोव्हरपाशीं फार अरुंद आहे. समोरासमोरच्या टोकांतील अंतर अवघें ३३ किलोमीटर. हवा स्वच्छ असली म्हणजे डोव्हरच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांवरून पलीकडचा किनारा नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. डोव्हरहून कॅले येथें जाणारी फेरीबोट सुमारें दीड तासांत समुद्र ओलांडते. डंकर्कच्या मार्गास सुमारें दोन तास लागतात. मोटार बोटीच्या पोटांत उभी करावयाची, माणसांनीं वरच्या मजल्यावर जाऊन बसावयाचें आणि पलीकडे पुन्हां आपल्या गाडींत बसून चालूं लागावयाचें, असा हा सोपा प्रकार आहे. समुद्राखालच्या बोगद्यांतूनही मोटारी आगगाडीवर चढवून नेतात. तो बोगदा १९९४ सालीं सुरू झाला. परंतु आक्कांना बोटींत बसावयाचें होतें, आणि आमच्या घरीं आक्कांच्या शब्दावर अपील नाहीं.

दीड तासाच्या प्रवासासाठीं बंदराजवळ रात्र काढण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, बोटीचा प्रवास दीड तासाचा असला तरी बोटींत शिरण्याचा विधि लांब आहे. २००३ च्या एका करारान्वयें फ्रेंच पोलीस डोव्हरच्या धक्क्यावरच, म्हणजे बोटींत चढण्यापूर्वीच, पासपोर्ट तपासतात. आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपांत बाहेरच्या देशांतील प्रवाशांचे बोटांचे ठसे व चेहऱ्याची नोंद घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानें सुरू झाली. सुट्टीच्या दिवसांत तेथें रांग लागते. २०२२ च्या जुलै महिन्यांत तर मोटारी तासन् तास खोळंबून राहिल्या होत्या. चिरंजीव लेस्टर शहरीं राहतात. तेथून डोव्हर अडीचशेंहून अधिक किलोमीटर. सकाळच्या बोटीसाठीं मध्यरात्रीं उठून लेंकरें आणि म्हातारीं माणसें गाडींत कोंबण्यापेक्षां आदल्या दिवशीं बंदराच्या जवळ येऊन निवांत झोपावें, हें शहाणपणाचें.

तंबूंत राहणें ही कांहीं नवी टूम नव्हे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत इंदुमतीच्या स्वयंवरास निघालेल्या अजाचा तळ नर्मदेच्या तीरीं पडला आहे. राजासाठीं उभारलेल्या अशा वस्त्रगृहास कालिदासानें 'उपकार्या' असा शब्द योजिला आहे. तेथेंही मुक्काम निर्विघ्न झाला नाहीं. नदींतून वर आलेल्या रानटी हत्तीनें सगळ्या तळाची दाणादाण उडवून दिली. पाण्याच्या कांठीं तळ देणाऱ्यानें बेसावध राहूं नये, असा व्यवहाराचा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं. आणि बंदरानजीकच्या तंबूंचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाहावयाचें तर तें खुद्द कॅलेजवळचेंच आहे. १३४७ पासून १५५८ पर्यंत कॅले शहर इंग्रजांच्या ताब्यांत होतें. १५२० सालीं इंग्लंडचा आठवा हेन्री डोव्हरहून कॅलेस उतरला आणि जूनमध्यें गीन व आर्द्र या दोन गांवांच्या मध्यें फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा यास भेटला. जरीच्या कापडाचे इतके तंबू तेथें उभे राहिले कीं, त्या जागेस 'सोन्याच्या वस्त्राचें मैदान' असें नांव पडलें. परंतु फ्रेंच राजाचा भव्य तंबू वाऱ्यापावसापुढें टिकला नाहीं, असें इतिहासकार सांगतात. त्या किनाऱ्यावरचा वारा राजा आणि रंक असा भेद जाणत नाहीं.

आजकालच्या हौशी तंबूवाल्यांची परंपरा मात्र राजांपासून नव्हे, एका शिंप्यापासून सुरू होते. टॉमस हायरम होल्डिंग या इंग्रज शिंप्यानें सायकलवर नेतां येतील असे हलके तंबू तयार केले, १९०१ सालीं सायकलवरून फिरणाऱ्या तंबूवाल्यांची एक संस्था काढली आणि १९०८ सालीं या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यानंतर ही हौस घरोघर पसरली. हल्लीं कॅम्पसाइट म्हणजे कुंपण घातलेलें मैदान. त्यांत एकेका कुटुंबासाठीं आंखलेले तुकडे, ज्यांस 'पिच' म्हणतात. मध्यें स्नानगृहें, शौचकूप व भांडीं घासण्याच्या मोऱ्या. आणि दाराशीं एक छोटें कार्यालय. आपल्याकडील धर्मशाळेचीच ही एक तऱ्हा; फरक इतकाच कीं, येथें छप्पर आपण बरोबर आणावयाचें.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. पहिला प्रश्न असतो तो हा कीं, रात्र कोणत्या किनाऱ्यावर काढावी? सकाळची बोट असेल तर इंग्लंडच्या बाजूस, संध्याकाळची असेल तर फ्रान्सच्या बाजूस, असा साधा नियम आहे. आमची बोट डोव्हरहून साडेपांचास सुटणारी होती, म्हणून आम्हीं कॅलेपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर जागा राखली. हिशेब असा केला : साडेपांच आणि दीड तास मिळून सात, सात आणि अर्धा तास मिळून साडेसात, तेथील कार्यालय आठास बंद होतें, म्हणजे अर्धा तास हातीं उरतो. गणित बिनचूक होतें. फक्त फ्रान्सचें घड्याळ इंग्लंडच्या घड्याळाच्या एक तास पुढें असतें, एवढीच गोष्ट त्यांत धरलेली नव्हती. वर्गांत भूगोल शिकवितांना रेखांश आणि वेळ यांचें कोष्टक आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल, याची गणती नाहीं!

बोट अगदीं वेळेवर धक्क्यास लागली. आमच्या मनगटावर सात वाजले होते. आक्कांना मधुमेह आहे. रात्रींच्या जेवणाआधीं त्या इन्सुलिनचें इंजेक्शन घेतात. "अर्ध्या तासांत मुक्कामीं पोंचूं, लागलीच जेवूं," असें आम्हीं सांगितल्यावरून त्यांनीं बोटींतून उतरण्यापूर्वींच तें घेतलें. जून महिन्यांत त्या प्रदेशीं सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळें वाटेवर लख्ख ऊन होतें, आणि उशीर झाल्याची शंकासुद्धां कोणास आली नाहीं. आम्ही फाटकाशीं पोंचलों तेव्हां कार्यालयाचें दार बंद, गाड्यांच्या वाटेवर अडसर आडवा, आणि तो उघडण्याचा आंकडा आमच्यापाशीं नाहीं. चिरंजीवांनीं मोबाईल पाहिला. त्यांत साडेआठ वाजले होते. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त आमच्या मनगटाकडे पाहिलें.

पावत्यांवरील कार्यालयाच्या क्रमांकावर फोन केला. आंत घंटा वाजलेली बाहेर ऐकूं येत होती, पण उचलणारें कोणी नव्हतें. या खटपटींत अर्धा तास गेला. तेवढ्यांत नात म्हणाली, "आजी-आक्कांना घाम आला आहे." आक्कांचे हात थरथरत होते आणि त्या भलतेंच कांहींतरी बोलत होत्या. इंजेक्शन घेऊन पोटांत अन्न गेलें नाहीं म्हणजे रक्तांतील साखर उतरते आणि माणूस बेशुद्धही होऊं शकतें. स्वयंपाकाचें सगळें सामान गाडीच्या छपरावर बांधलेलें. सूनबाईंनीं पर्स उलटी करून गोळ्या-चॉकलेटें शोधलीं तर तीं मुलांनीं बोटींतच संपविलीं होतीं. याच वेळीं आंतून एक वृद्ध डच जोडपें फिरावयास बाहेर येत होतें. त्या बाईंनीं आक्कांकडे एकदां पाहिलें आणि कांहीं न विचारतां त्या आपल्या तंबूकडे वळल्या. त्या वयांत माणूस धांवूं शकतें हें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें. फळांच्या गोड रसाचा पेला आणि पावाचे दोन तुकडे घेऊन त्या आल्या. आमच्या आक्का परक्या घरीं पाणीसुद्धां चौकशी करून घेणाऱ्या. त्या दिवशीं त्यांनीं पेला दोन्ही हातांनीं धरला आणि सगळा रिकामा केला. दहा-पंधरा मिनिटांनीं त्यांच्या तोंडावर रंग आला.

इकडे त्या डच गृहस्थांनीं कार्यालयाच्या कांचेवर लावलेला एक कागद वाचला. उशिरां येणाऱ्यांनीं अमुक क्रमांकावर फोन करावा, रखवालदार जवळच राहतो, असें त्यावर फ्रेंचमध्यें लिहिलेलें होतें. तो कागद आम्हीं सर्वांनीं पाहिला होता. वाचला कोणींच नव्हता. फोन केल्यावर पाव तासांत रखवालदार सायकलवरून आला, त्यानें अडसर उघडला आणि एक शब्दही न बोलतां आम्हांस आमच्या पिचपर्यंत पोंचविलें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आम्हीं जागा राखल्याचें पत्र पुन्हां काढलें. त्याच्या अगदीं शेवटच्या ओळींत तोच क्रमांक होता, आणि तीच सूचना. प्रश्नपत्रिका हातीं पडल्यावर आधीं वरच्या सूचना वाचा, असें आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना बजावीत आलों. त्या रात्रीं आमची झोंप कशी झाली असेल, हें सांगावयास नको.

दोष सर्वस्वीं आमचा होता. तो पुन्हां घडूं नये म्हणून परतीच्या वेळीं आम्हीं काय काय पाहिलें, तें आतां क्रमानें देतों.

अंतराविषयीं प्रथम. बंदराच्या अगदीं लगत जागा घेऊं नये. डोव्हर आणि कॅले येथें बोटी रात्रंदिवस सुटतात. मालमोटारींचा घरघराट आणि धक्क्यावरचे दिवे यांनीं डोळा लागत नाहीं. दहा ते वीस किलोमीटरांच्या आंतील एखादें खेडें सर्वांत बरें. मात्र नकाशावर अंतर पाहून भागत नाहीं, रस्ता पाहावा लागतो. डोव्हरला फेरीबोटी पूर्वेकडील धक्क्यांवरून सुटतात. फोकस्टनकडून येणारा ए-२० रस्ता समुद्रकांठानें येतो, आणि गर्दीच्या वेळीं मालमोटारी त्यावर थोपवून धरतात. कँटरबरीकडून येणारा ए-२ मात्र टेकडीवरून थेट त्या धक्क्यांपाशीं उतरतो. डील गांवाकडून येणाराही त्यालाच येऊन मिळतो. म्हणून डीलच्या बाजूस उतरल्यास ए-२० वरील खोळंबा टळतो. आम्हीं परतीच्या रात्रीं तसेंच केलें.

कोणी म्हणेल, जागा राखण्याची दगदग कशास? समुद्रकांठीं वाळूंत तंबू ठोकावा आणि पहांटे निघावें. हें तिकडे चालत नाहीं. फ्रान्समध्यें समुद्रकिनाऱ्यावर परवानगीवांचून तंबू ठोकण्यास कायद्यानें बंदी आहे, आणि इंग्लंडांतही सामान्यतः जमिनीच्या मालकाची संमति लागते.

जमीन आणि वारा यांचा विचार यानंतर करावा. कड्याच्या माथ्यावरील जागेवरून समुद्र सुंदर दिसतो, परंतु रात्रभर वारा तंबूशीं झोंबतो. दाट कुंपण किंवा झाडांची ओळ ज्या बाजूनें वारा येतो त्या बाजूस असेल असा तुकडा मागून घ्यावा. उतारावर डोकें खालीं येणार नाहीं असें अंथरूण घालावें. कांहीं पिचवर गवत असतें, कांहींवर खडी. खडीवर घरगाडी चांगली उभी राहते, पण तंबूच्या मेखा शिरत नाहींत. तेव्हां आपण तंबू आणणार आहों, हें आधींच स्पष्ट कळवावें. जूनमध्येंही पहांटे गारठा पडतो. वृद्धांसाठीं जमिनीपासून उंच अशी घडीची खाट आणि एक जाडें पांघरूण अधिक घ्यावें. सकाळच्या बोटीसाठीं निघावयाचें असेल तर दाराजवळचा तुकडा बरा.

विजेचा हिशेब पुष्कळांचा चुकतो. पिचवर विजेची जोडणी घेतां येते, पण ती किती अँपिअरची, हें विचारावें. फ्रान्समध्यें कित्येक ठिकाणीं ती सहा किंवा दहा अँपिअरची असते. विजेचा दाब २३० व्होल्ट धरला तर सहा अँपिअर म्हणजे १,३८० वॉट. इंग्रजी घरांतील चहाची विजेची किटली एकटीच ३,००० वॉटपर्यंत वीज ओढते. ती लावली कीं वीज गेलीच. आणि जवळच्या दोन-चार तंबूंतील मंडळी आपणांस ओळखूं लागलीं! कुकर गॅसवर लावावा आणि वीज फक्त दिवा व मोबाईल यांसाठीं वापरावी. गॅसची टाकी बोटींत चढण्यापूर्वी बंद करावी लागते. टाक्या किती व केवढ्या नेतां येतात तें बोटीच्या तिकिटाच्या नियमांत दिलेलें असतें. बोट चालू असतां गाडीपाशीं जाऊं देत नाहींत, म्हणून औषधें, शाल आणि खाण्याचा डबा आधींच हातांत घ्यावा. हें शेवटचें वाक्य आम्हीं आमच्या वहींत तांबड्या शाईनें लिहून ठेवलें आहे.

पाणी आणि शौचकूप यांचीही चौकशी करावी. यांत संकोच कसला? पिण्याच्या पाण्याच्या नळावर फ्रेंचमध्यें 'ओ पोताब्ल' असें लिहितात. त्यांत 'नों' हा शब्द असल्यास तें पाणी पिण्याचें नव्हे. कित्येक ठिकाणीं शौचकूपांत कागद किंवा साबण ठेवलेला नसतो. तांब्या बरोबर असलेल्या कुटुंबाची अशा ठिकाणीं मुळींच अडचण होत नाहीं, हें सांगावयास आम्हांस थोडा आनंदच वाटतो. फ्रान्समध्यें कॅम्पसाइटना एक ते पांच तारे दिलेले असतात. पुष्कळ गांवांत गांवच्या पालिकेनें चालविलेली साधी जागाही असते. पोहण्याचे तलाव व करमणूक नको, फक्त रात्रभर पाठ टेकावयाची आहे, अशा प्रवाशास ती पुरेशी होते.

आतां जागा राखण्याविषयीं. दर सांगतांना बहुधा एक पिच, एक मोटार आणि दोन माणसें एवढेंच धरलेलें असतें. पुढील प्रत्येक माणसाचे निराळे पैसे, विजेचे निराळे, आणि फ्रान्समध्यें प्रत्येक प्रौढ माणसामागें दर रात्रीं गांवचा प्रवासी-कर निराळा. अठरा वर्षांखालील मुलांस तो माफ असतो. तेव्हां सात माणसांचा एकूण आंकडा विचारल्याशिवाय पैसे भरूं नयेत. जुलै-ऑगस्टमध्यें कांहीं ठिकाणीं एका रात्रीसाठीं जागाच देत नाहींत. संगणकावर नकार आला तरी फोनवर विनंती केल्यास कधीं कधीं मिळते, कारण बंदराकडे जाणारे प्रवासी एका रात्रीचेच असतात, हें तेथील लोकांस ठाऊक असतें. मध्यस्थामार्फत जागा घेण्यापेक्षां शक्यतों खुद्द जागेवाल्यांकडूनच घ्यावी. बोट चुकली किंवा बेत बदलला तर एकाच ठिकाणीं बोलावें लागतें. जागा सोडल्यास पैसे किती परत मिळतात, तें आधीं वाचावें.

भारतीय पासपोर्टावर प्रवास करणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्समध्यें चालत नाहीं; तेथें शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो मागतांना प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. कॅम्पसाइटचें पत्र त्या कामीं चालतें. परंतु त्यावर सगळ्या माणसांचीं नांवें पासपोर्टांत आहेत तशींच असावीं. केवळ चिरंजीवांचें नांव आणि 'इतर सहा' एवढ्यावर भागत नाहीं. शिवाय परत येतांना इंग्लंडांत पुन्हां शिरतां येईल असा व्हिसा हातीं आहे ना, तेंही पाहावें.

चार प्रश्न फोनवर किंवा ईमेलनें अवश्य विचारावे : कार्यालय केव्हां बंद होतें? उशीर झाल्यास आंत कसें यावयाचें? अडसर सकाळीं केव्हां उघडतो? आणि पहांटे निघणाऱ्यानें गाडी रात्रीं कोठें ठेवावी? पुष्कळ ठिकाणीं अडसर रात्रीं दहापासून सकाळीं सातपर्यंत बंद असतो. सकाळीं आठची बोट असेल आणि गाडी अडसराच्या आंत असेल, तर बोट गेलीच समजा. आधीं विचारल्यास गाडी बाहेर ठेवूं देतात. प्रत्येक वेळेपुढें ती कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणें, हें लिहून ठेवावें. तिकिटावर सुटण्याची वेळ एका किनाऱ्याची आणि पोंचण्याची दुसऱ्या किनाऱ्याची छापलेली असते.

गृहिणींसाठीं एक सूचना. २०२१ च्या जानेवारीपासून इंग्लंडांतून फ्रान्समध्यें जातांना मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेतां येत नाहींत. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीसारखे कांहीं अपवाद आहेत, पण तूप, पनीर, चक्का, पेढे या सर्वांस मज्जाव आहे. सूनबाईंस हें ठाऊक असल्यानें तुपाची बरणी घरींच राहिली. दुसऱ्या दिवशीं गांवच्या दुकानांतून मीठ न घातलेलें फ्रेंच लोणी आणून त्यांनीं तें तंबूपुढें शेगडीवर कढविलें. वास सुटतांच ते डच पति-पत्नी चौकशीस आले. आक्कांनीं त्यांना पानावर वाढतात तशा मानानें बसवून वरणभात व वर तुपाची धार वाढली. कालच्या पेल्याचें नांव कोणींच काढलें नाहीं.

परतीच्या दिवशीं कॅलेच्या रस्त्यावर आक्कांनीं गाडी हळू करावयास सांगितली. रस्त्याच्या कडेस झुडपांत निळ्या-हिरव्या कापडाचे लहान लहान तंबू दिसत होते. पुढें इंग्लंडांत जाण्याच्या आशेनें दूरदूरच्या देशांतून आलेलीं माणसें या किनाऱ्यावर राहतात. २०१६ च्या ऑक्टोबरांत कॅलेजवळची त्यांची मोठी वस्ती सरकारनें उठविली. त्यानंतरही लहान तळ पडतच राहिले. चिरंजीवांनीं हें सगळें समजावून सांगितलें. आक्का बराच वेळ खिडकींतून पाहत होत्या. मग त्यांनीं आम्हांस विचारलें, "अरे, आणि ह्यांचें फाटक केव्हां उघडतें?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. आम्ही एक संध्याकाळ फाटकाबाहेर उभे राहिलों, तेंही हातीं पैसे, पासपोर्ट आणि राखलेली जागा असतांना. आणि तेवढ्यानें आमचें धैर्य सुटलें होतें. त्या दिवसापासून जागा राखल्याचें पत्र हातीं आलें कीं तें पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आम्ही दोनदां वाचतों; आणि मुक्कामीं पोंचल्यावर, कोणी बाहेर ताटकळत उभें तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं फाटकापर्यंत एक फेरी मारून येतों. त्या वेळीं गोड रसाची एक बाटली खिशांत असते.